मापाची पळी

माझा मोठा भाऊ आणि मी दोघंही बुलडाण्यातच, एकमेकांपासून चालत दहा मिनिटांवर राहतो. तरी सहा वर्षं आम्ही बोललेलो नव्हतो. भांडण शेतावरून नव्हतं, घरावरूनही नव्हतं, त्यामुळे लोकांना ते समजावून सांगताना मला फार त्रास होतो. वडील गेल्यावर त्यांची पुस्तकांची तीन कपाटं दादाने मला न विचारता एका शाळेला भेट दिली. शाल, श्रीफळ, फोटो, सगळं रीतसर झालं. वर्षभराने मी त्या शाळेत गेलो, तेव्हा कपाटं खेळाच्या सामानाच्या खोलीत कुलपाआड होती आणि वाळवीने पुस्तकं वाचून संपवत आणली होती. तेवढ्या चिकाटीचा वाचक त्या शाळेत दुसरा नसावा. त्यानंतर दादाच्या घरी जाऊन मी जे बोललो, ते आजही मागे घेतलेलं नाही.

दादा शिक्षण खात्यात अधिकारी होता. निवृत्त झाला, पण बोलणं परिपत्रकाचंच राहिलं. सत्काराची त्याला इतकी सवय आहे की आंघोळीनंतर कुणी टॉवेल पुढे केला तरी तो खांदे किंचित वाकवतो. आई त्याच्याकडे राहते. मला भेटायला ती रिक्षाने येते, कारण मी तिकडे जात नाही.

मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायचो. निवृत्तीनंतर लाकडी चाटू आणि पळ्या कोरायला लागलो. यामागे काही तत्त्वज्ञान नाही. घरातला चाटू मोडला, बाजारातून आणलेला नवा आठवड्यात चिरला, म्हणून स्वतः करून पाहिला. तो तिसऱ्या दिवशी चिरला. तेव्हा देऊळघाटच्या एका म्हाताऱ्या सुताराकडे जायला लागलो. त्याला मी पहिल्या दिवसापासून आवडलो नाही, आणि त्याने हे कधी लपवलं नाही.

"सर, एवढा जोर काऊन लावून राह्यले?" माझ्या हातातली पटाशी काढून घेत तो म्हणायचा. "लाकूड हाय थे, पोट्टं नोहे. मारल्यानं सुधरत नाही."

मी कोरलेली पहिली धड पळी त्याने उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "हाव, पळी हाय. दुरून." दोन वर्षांत त्याने केलेली ती सर्वांत मोठी स्तुती.

यंदा आईला ऐंशी पूर्ण झाली. एका दुपारी दादाचा फोन आला. सहा वर्षांनी भाऊ फोन करतो तेव्हा माणूस आधी कोण गेलं ते विचारतो. मीही तेच विचारलं.

"कुणी नाही," दादा म्हणाला. "मातोश्रींचे सहस्रचंद्रदर्शन करण्याचे योजिले आहे. होमासाठी खदिराची स्रुवा हवी. यजमानाच्या हाताच्या मापाची. ती आपल्याच कुटुंबात घडावी, असा माझा मानस आहे."

स्रुवा म्हणजे होमात तूप सोडायची लाकडी पळी आणि खदिर म्हणजे खैर. मी म्हणालो, "गुरुजींच्या पिशवीत असते की पळी."

"पत्रिकेत तसा उल्लेख केलेला आहे," दादा म्हणाला. म्हणजे पळी आधी छापली गेली होती, आता फक्त करायची राहिली होती.

मी हो का म्हणालो, ते मला तेव्हा नीट कळलं नाही. नकार देण्यासाठीही थोडं जास्त बोलावं लागलं असतं, एवढंच असेल.

गुरुजींनी सांगितलेलं माप सोपं होतं. कोपरापासून मिटलेल्या मुठीपर्यंत लांबी, आणि अंगठ्याचं वरचं पेर बसेल एवढी वाटी. पण ते घ्यायला मी दादाकडे जाणार नव्हतो आणि द्यायला तो माझ्याकडे येणार नव्हता. शेवटी माप घेऊन आई आली. वडील गेल्यापासून रिकामा पडलेला तिचा कुंकवाचा करंडा तिने पिशवीतून काढला. आत दोन गाठी मारलेलं सूत होतं आणि कणकेचा एक वाळलेला गोळा. गोळ्यात अंगठा दाबलेला होता.

"दादाचं माप आहे," आई म्हणाली. "सूनबाईनं घेतलं."

मग चहा पिताना ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बोलू लागली. "मले सोफ्यासारख्या खुर्चीवर बसवणार आहेत. शाल घालून. दादा होमाले बसंल, अन् मी येऊन त्याच्या हाताले हात लावायचा. तुझे बाबा असताना त्यांच्या हाताले लावला. आता पोराच्या. पन्नास वर्षं या घरात होम झाले, पण तूप काही माझ्या हातानं पडलं नाही. एकडाव पडावं, असं वाटते."

"दादाला सांगितलंस?"

"सांगतलं. तो म्हणे, विधवेनं बसल्याचा दाखला नाही."

आई गेल्यावर मी ते सूत माझ्या कोपराला लावलं. दुसरी गाठ मनगटाच्या थोडी पुढे येऊन थांबली. लहानपणी दादाचे जुने शर्ट मला यायचे आणि त्यांच्या बाह्या दोनदा दुमडाव्या लागायच्या. त्याचा हात माझ्याहून चार बोटं तरी लांब आहे. कणकेतला अंगठा बारीक होता आणि त्यावर आडवी रेघ उमटली होती. विळीने कापलेल्या अंगठ्याची ती रेघ मी लहानपणापासून पाहत आलोय.

म्हणजे आईने आपल्याच हाताचं माप दादाचं म्हणून आणून दिलं होतं.

एक फोन केला असता तर सगळं सरळ झालं असतं. मी तो केला नाही. आईवरच्या प्रेमापोटी गप्प बसलो, असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं असं की भरल्या मांडवात दादाच्या हातात आखूड पळी आलेली मला दिसली, आणि ते चित्र मला फार आवडलं. आईचं काम त्यात आपोआप होत होतं.

सुताराकडे खैराच्या मोडक्या मुसळाचा तुकडा होता. तो देताना त्याने मला तीनदा विचारलं, की मी तो वाया घालवणार हे मला ठाऊक आहे का. खैर फार कडक. वाकसाचा घाव नीट बसला नाही तर हत्यार उसळून अंगावर येतं. दांडा तासताना पहिला तुकडा रेषेवर उभा चिरला. सुताराने तो पायाने बाजूला सारला आणि दुसरा दिला. वाटीला तीन दिवस लागले, कारण कणकेचा गोळा शेजारी ठेवून मी दर थोड्या वेळाने खोली पाहत होतो. शेवटी फुटक्या बाटलीच्या काचेने सगळी पळी खरवडून काढली, आणि जवसाचं तेल चोळून, वाळवून, पुन्हा चोळलं. आयुष्यात इतकं मन लावून केलेलं काम मला दुसरं आठवत नाही, आणि ते कपटासाठी होतं.

सुताराने पळी बोटावर तोलून पाहिली. "कोन्या बाईसाठी केली?" त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. "मंग आखूड काऊन?" मी पळी फडक्यात गुंडाळली.

कार्यक्रम चिखली रोडवरच्या मंगल कार्यालयात होता. होमाआधी चौदा सत्कार झाले, त्यातला एक माईकवाल्याचा. आई मखमली खुर्चीत बसली होती. शालीतून तिचं तोंड तेवढं दिसत होतं. मी मागच्या रांगेत बसलो. दादाने माझ्याकडे न बघता पळी मागवून घेतली.

आता गुरुजींनी ती घेऊन सरळ होम सुरू केला असता, तर कुणाच्या काही लक्षात आलं नसतं. पण दादाला ते पुरेसं वाटलं नाही. त्याने गुरुजींच्या हातात माईक दिला आणि मापाचं शास्त्र उपस्थितांना प्रात्यक्षिकासह समजावून सांगायला लावलं. स्वतः बाही मागे सारून, मूठ मिटून, फोटोग्राफरकडे तोंड करून बसला. गुरुजींनी पळीचं टोक त्याच्या कोपराला लावलं. पळी मनगटाच्या अलीकडेच संपली.

"साहेब, कोपर जरा पुढे घ्या," गुरुजी माईकमध्ये म्हणाले. हसू फुटलं.

"लाकूड आखडलं असेल," निवृत्त मंडळींतून कुणीतरी सावरलं.

"खैर आखडत नाही," मी मागून म्हणालो.

दादाने सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. त्याची परिपत्रकाची भाषा गळून पडली. "काऊन केलं बे हे?" तो ओरडला, आणि माईक चालू असल्यामुळे ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

"आलं त्या मापाचं केलं," मी पुढे जाऊन म्हणालो आणि खिशातलं सूत गुरुजींना दिलं. गुरुजींनी ते पळीला लावलं. गाठीला गाठ बरोबर बसली.

"मग हे माप आहे तरी कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"आणा इकडं," खुर्चीतून आई म्हणाली.

तिने शालीतून हात बाहेर काढला. पळी कोपरापासून मुठीपर्यंत बसली. मग तिने अंगठा वाटीत ठेवला आणि तसाच राहू दिला.

"आई, अगं दाखला नाही..." दादा म्हणाला आणि माईककडे पाहून थांबला.

गुरुजींना दुपारी दुसऱ्या गावी वास्तुशांत होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, पळी पाहिली आणि म्हणाले, "शांती ज्यांच्या वयाची, तूप त्यांच्या हातचं. मी बसवतो. या माई. साहेब, तुम्ही त्यांच्या हाताला हात लावा."

आई पाटावर बसली. दादाने तिच्या उजव्या कोपराला दोन बोटं लावली, गरम तव्याला लावावीत तशी. गुरुजींनी मलाही बोलावलं. मी देव मानत नाही, पण त्या वेळी ते सांगत बसण्यात अर्थ नव्हता. मी दादाच्या हाताला हात लावला. आईने पळी भरून तूप सोडलं. पहिल्यांदा थोडं बाहेर सांडलं. दुसऱ्यांदा नाही.

"तुला माहीत होतं," दादा ओठ न हलवता म्हणाला.

"पहिल्या दिवसापासून."

"सहा वर्षं वाट पाहिलीस."

"नाही, तीन आठवडे. तेल वाळायला वेळ लागतो."

यानंतर आम्ही पुन्हा बोललो नाही. जेवायला तो एका पंगतीला बसला, मी दुसऱ्या. दोन दिवसांनी स्थानिक पेपरात बातमी आली. तीत दादाने स्वहस्ते घडवलेल्या स्रुवेने मातोश्रींच्या हस्ते होम करवून जुन्या रूढीला छेद दिल्याचं लिहिलं होतं. बातमी आईने मला फोनवर वाचून दाखवली. मध्ये हसू आवरायला ती दोनदा थांबली.

दादाला पळी काचेच्या पेटीत ठेवायची होती. आईने ती स्वयंपाकघरात नेली. आता ती वरणावर तूप घ्यायला वापरते.

गेल्या महिन्यात तिने माझ्याकडे लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवली. बरणीच्या तोंडाला फडकं आणि फडक्याभोवती सूत गुंडाळलेलं होतं. सोडलं तर त्यात दोन गाठी. मी ते कोपराला लावलं. दुसरी गाठ माझ्या मुठीच्या चार बोटं पुढे गेली. वहिनीने घेतलेलं खरं माप ते हेच.

संध्याकाळी आईचा फोन आला. "लोणचं पोचलं? सूत फेकू नको."

"खैराचा तुकडा शिल्लक नाही," मी म्हणालो. "उरला होता त्याची खिडकीला पाचर केली."

"मंग देऊळघाटले जाय," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

मी अजून गेलेलो नाही.