वसिष्ठाच्या शेजारची चांदणी

पालीचे सुंदरराव ग्रहणात मुद्दाम भाकरी खाणारे गृहस्थ होते. अमावस्या आहे म्हणून त्यांनी कधी काम अडवलं नाही, आणि कुणी पोरीच्या पत्रिकेत मंगळ निघाल्याचं रडगाणं घेऊन आलं तर ते आभाळाकडे बोट करून विचारायचे, "त्यो लाल हाय, त्यो का? त्यो तुमच्या पोरीला वळखतो व्हय?" गावात त्यांना चांदणीवाले आबा म्हणत, थोडं कौतुकानं आणि बरंचसं चेष्टेनं. अशा माणसानं एका बारीकशा चांदणीपायी स्वतःचे दोन्ही डोळे घालवले, हे पालीत अजून कुणाला धड पटत नाही.

ते बिंदुसरेच्या धरणावर राखणदार होते. रात्रपाळीला करमणूक म्हणजे बिडी आणि आभाळ. आईनं लहानपणी दोन-चार नावं शिकवलेली होती. सप्तर्षी म्हणजे बाजलं, चार खूर आणि ते पळवणारे तीन चोर. मृगातल्या ओळीनं उभ्या तीन चांदण्या म्हणजे तिकांडं. तेवढ्यावर त्यांचं भागत होतं. मग एका हिवाळ्यात बीडच्या कॉलेजची पोरं उल्का बघायला धरणाच्या भिंतीवर आली आणि जाताना आकाशाचा एक नकाशा विसरून गेली. सुंदररावांनी तो जमिनीच्या नकाशासारखा हातात धरला, उत्तर वर केली, आणि अख्खा हिवाळा डोकं खाजवत बसले. सगळं उलटं यायचं. पूर्वेची नक्षत्रं पश्चिमेला. पोरं शिकलेली असून नकाशा चुकीचा छापलाय, असं त्यांचं मत झालं होतं. एकदा पाठ दुखली म्हणून ते भिंतीवर उताणे झाले आणि नकाशा तोंडावर धरला. रोहिणी रोहिणीच्या जागी बसली, व्याध व्याधाच्या. ते तसेच पडून एकटेच हसले. आभाळाचा नकाशा खालून बघायचा असतो, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून त्यांना वेडच लागलं. नोकरी संपली तरी थंडीत पहाटे घोंगडं पांघरून ते धरणाच्या भिंतीवर जायचे. त्यांची बायको कौशल्याबाई शेजारणींना सांगायची, "माझ्या सवती वर टांगल्यात. एक-दोन न्हाईत, मोजता येणार न्हाईत येवढ्या." पुढे नात सायली त्यांच्याबरोबर जायला लागली. ती रोज एसटीने बीडला कॉलेजला जायची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या मोबाइलमध्ये आभाळाचं अ‍ॅप होतं. ती अ‍ॅपमध्ये बघून सांगायची आणि आबा न बघता सांगायचे, मग दोघं भांडायचे. घरात शिकायचं म्हणणारी ती एकटी होती, आणि तिच्या बापाला, तानाजीला, तिच्या लग्नाची घाई होती. "पदवी झाल्याशिवाय पोरीचं नाव काढायचं न्हाई," असं आबांनी सांगून ठेवलेलं असल्यामुळे विषय थांबला होता.

मार्गशीर्षातली ती पहाट फार थंड आणि स्वच्छ होती. सप्तर्षी ईशान्येला चांगले वर आलेले. सायलीने सहज विचारलं, वसिष्ठाशेजारची अरुंधती आज किती मोकळी दिसते ना. सुंदररावांनी पाहिलं. वसिष्ठ दिसला, तोही काटे फुटल्यासारखा, पसरलेला. शेजारी काही नव्हतं. त्यांनी डोळे पुसले. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. मग अगदी बेतानं विचारलं, "तुला दोन दिसत्यात?"

"दोन म्हंजे दोन, आबा. तुमाला न्हाई का?"

"दिसती की," ते म्हणाले. "न दिसायला काय झालं."

घरी येताना त्यांच्या डोक्यात फक्त त्यांची आई होती. बायनाबाई म्हातारपणी अशाच एका मार्गशीर्षात अंगणात उभी राहून म्हणाली होती की, आपल्याला वसिष्ठाची बायको दिसेना, आता सहा महिने बघायचे नाहीत. ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांत जातो, हे तिनं तिच्या आईकडून ऐकलेलं. सुंदरराव तेव्हा तिच्यावर हसले होते. म्हातारी अक्षय्य तृतीयेच्या आतच गेली. ग्रहण, अमावस्या, मंगळ यांच्या गोष्टी त्यांनी नुसत्या ऐकल्या होत्या म्हणून त्यांना उडवून लावता आल्या. ही गोष्ट त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. शेवटच्या दिवसांत आईच्या दोन्ही बुबुळांवर पांढुरकी झाक आली होती आणि ती ताटातली भाकरी चाचपडत शोधायची, हेही त्यांना चांगलं आठवत होतं. पण या दोन आठवणी त्यांनी कधी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगून घरात रडारड करायची नव्हती. ते आपले निमूटपणे आवराआवरीला लागले. भाऊ बंकटशी विहिरीच्या पाळीवरून कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्याच्या ओट्यावर जाऊन चहा पिऊन आले. बंकटला कळेना की यांना झालंय काय. घराची गळकी बाजू शाकारून घेतली. आणि संक्रांत झाल्यावर एका संध्याकाळी जेवताना तानाजीला म्हणाले की, सायलीसाठी स्थळं बघायला हरकत नाही.

तानाजीचा घास हातातच राहिला. सायली चुलीपाशी होती. ती वळून आबांकडे बघत राहिली, त्यांनी मान वर केली नाही. तिनं नंतर भिंतीवर गाठून विचारलं. काहून, आबा? एवढंच. ते म्हणाले, मला बघायचंय तुझं लग्न. ती म्हणाली, अजून दीड वर्षानं बघा की.  खरं सांगितलं असतं तर विज्ञान शिकणाऱ्या त्या पोरीनं दुसऱ्या मिनिटाला त्यांचा हात धरून त्यांना दवाखान्यात नेलं असतं. ते म्हणाले, "माझं ऐक. येवढं एकच मागतो." त्यांनी तिच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. तिनं ऐकलं.

फाल्गुनात गावाच्या सभामंडपात डोळ्यांचं शिबिर आलं. कौशल्याबाईनं त्यांना जवळजवळ ढकलत नेलं, कारण हल्ली ते कपात चहा ओतताना बशीत ओतायचे आणि समोरून गाडी आली की दिव्यांभोवती कडी दिसतात म्हणून रस्त्यातच थांबायचे. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं बॅटरी मारली आणि सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय, परवा गाडी न्यायला येईल, ऑपरेशन करून टाका. उशीर केला तर तो आतल्या आत फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो, आणि त्यानं नस मेली की मग कितीही ऑपरेशनं करा, नजर परत येत नाही. तिनं हे दोनदा सांगितलं. कौशल्याबाईलाही सांगितलं.

सुंदररावांनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांना ती पोरगी आवडलीही. पण दोन-तीन महिन्यांचा पाहुणा असलेल्या माणसानं डोळे फाडून घ्यायचे, पट्टी बांधून लग्नघरात बसायचं, हे त्यांना शहाणपणाचं वाटेना.

"दिवाळी झाल्यावर बघू," ते बायकोला म्हणाले. आपल्या वाट्याला दिवाळी नाही, हे त्यांनी मनात धरलेलंच होतं. परवा गाडी आली तेव्हा ते शेतात जाऊन बसले. गाडीनं हॉर्न वाजवला, थोडा वेळ थांबली, निघून गेली.

चैत्रात उजवा डोळा लाल झाला. अर्धं डोकं घणाचे घाव घातल्यासारखं ठणकायचं, उलट्या व्हायच्या. ते पित्त म्हणून सांगायचे आणि आलेपाक चघळायचे. हे सगळं त्यांना अपेक्षितच होतं. मरण काही वाजतगाजत येत नाही, असंच कुठून तरी सुरुवात करून येतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. काही दिवसांनी ठणका कमी झाला तेव्हा त्या डोळ्यानं अंधार होता. मग डावा सुरू झाला. घरातल्या घरात ते पावलांच्या सवयीनं फिरत, माणसं आवाजावरून ओळखत. लग्नाच्या धांदलीत कुणाचं लक्ष गेलं नाही. कौशल्याबाईचं गेलं. तिनं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा ते तिच्या अंगावर खेकसले. आयुष्यात ते तिच्यावर फारसे खेकसलेले नव्हते, त्यामुळे ती गप्प झाली.

लग्न वैशाखात, गोरज मुहूर्ताला. मुलगा युसूफवडगाव या गावचा, घरची शेती आणि खताचं दुकान. सप्तपदी झाली आणि गुरुजींनी नवरा-नवरीला ध्रुव आणि अरुंधती दाखवायची वेळ आली. आपल्याकडे हे म्हणजे मांडवाच्या कापडाकडे हात करायचा आणि पुढं सरकायचं. पण सायली उठून म्हणाली की, हे आबा दाखवतील. पाहुण्यांत हसू फुटलं, पण लोकांना गंमतही वाटली. चांदणीवाल्या आबांना मान द्यावा म्हणून सगळेच मांडवाबाहेर आले.

सुंदररावांना कुणीतरी हाताला धरून पुढं आणलं. देवळाच्या घंटेचा आवाज डावीकडून आला, त्यावरून त्यांनी उत्तर धरली. वैशाखात या वेळेला सप्तर्षी कुठे असतात हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी हात उचलला.

"ह्यो बघा ध्रुव, खाली, एकटा. आता वर या, जरा उजव्या हाताला. बाजल्याचे चार खूर. तिथून तीन चोर. मधला चोर म्हंजे वसिष्ठ. आन् त्याच्या पदराला लागून, बारीक, ती आरुंधती. दिसली का जावईबापू?"

जावयानं मान वर केली. मागून नवऱ्याकडचा कुणीतरी म्हणाला, "मामा, आभाळ गच्च भरून आलंय. उगं कशाला फिरकी घेताय?"

दुपारपासूनच अवकाळी ढग चढलेले होते. डोक्यावर एक चांदणी नव्हती. काहीजण हसले, आणि मग हसणं एकेक करत थांबलं, कारण सुंदररावांचा हात तसाच वर होता आणि तोंड ढगांकडे होतं, काही न कळलेल्या माणसासारखं.

सायलीनं त्यांचा हात धरून खाली घेतला. "दिसली, आबा," ती म्हणाली.

कौशल्याबाई तिथंच, अक्षतांच्या ताटासकट, खाली बसली.

दुसऱ्या दिवशी पोरीची पाठवणी झाली आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तानाजीनं त्यांना बीडला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं उजव्या डोळ्याचं काही करण्यासारखं नाही म्हणून सांगितलं. डाव्याचं ऑपरेशन केलं, पण तेही दुखणं थांबावं म्हणून. पट्टी काढल्यावर त्यांना खिडकीची बाजू कोणती आणि भिंतीची कोणती एवढं कळत होतं. एवढे दिवस काय करत होता, असं डॉक्टरनं विचारलं. तेव्हा पहिल्यांदा सुंदररावांनी अरुंधतीची गोष्ट सांगितली.  तानाजी उठून बाहेर गेला.

ज्येष्ठ संपला, सहा महिने भरले. शेवटच्या दिवशी सुंदरराव अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसून राहिले. दिवस मावळला, जनावरं घरी आली, कौशल्याबाईनं जेवायला हाक मारली. त्यांना भूक लागली होती. आपल्याला भूक लागलीय याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी ताट परत पाठवलं. नाडी ठणठणीत होती, छाती साफ होती. मरण कधी निघालेलंच नव्हतं.

सायली दिवाळीला आली तेव्हा पोटुशी होती. कॉलेजचं कुणी विचारलं नाही, तिनंही काढलं नाही. मोबाइल बदलला होता, नव्यात अ‍ॅप नव्हतं. ती आबांजवळ बसली, त्यांची नखं कापून दिली. "मला तवाच सांगितलं असतं तर," एवढं म्हणून ती थांबली.  तेव्हापासून ते आभाळाचा विषय काढत नाहीत.

पुन्हा मार्गशीर्ष आला. एका पहाटे कौशल्याबाई त्यांना परसाकडे घेऊन गेली होती. परत येताना ती अंगणात थांबली. थंडी कडाक्याची होती, म्हणजे आभाळ मोकळं असणार, हे त्यांनी गालांवरून ओळखलं. जन्मभर सवती म्हणून जिनं वर पाहिलं नाही, तिनं बहुधा त्यांना बरं वाटावं म्हणून विचारलं, ती तुमची कोणती ती चांदणी, कुठं असती.  मग तिला उत्तरेला तोंड करायला लावून, तिचा हात आपल्या हातात धरून त्यांनी बाजलं दाखवलं, चोर दाखवले. मधल्याच्या शेजारी बघ, म्हणाले.

तिनं बघितलं. डोळे बारीक केले, पदरानं पुसले, पुन्हा बघितलं.

"एकच दिसतीय," ती म्हणाली. "तीबी फुटल्यावानी."

त्यांच्या हातातला तिचा हात त्यांनी एवढा जोरात दाबला की ती कळवळली. तिलाही आता ती गोष्ट माहीत होती. साऱ्या पालीला माहीत होती. ती खालच्या आवाजात म्हणाली की, म्हणजे आता माझं भरत आलं म्हणायचं.

"काय भरत न्हाई," ते म्हणाले. "मोतीबिंदू हाय. लुगडं बदल. पयल्या गाडीनं बीडला जायचंय."

उजाडायला अजून वेळ होता. ते तिच्या आधी फाट्याकडे निघाले, काठीनं रस्ता शोधत, आणि तिनं पळत येऊन हात धरेपर्यंत थांबले नाहीत.