कोटीचा हिशेब

आज दुपारी खिडकीपाशी बसून माझ्या दिवंगत पत्नीची जपाची वही उघडली. पानभर चौकटी, प्रत्येक चौकटीत ‘राम’. एक कोटी वेळा लिहायचं तिनं ठरवलं होतं.

मी गणिताचा मास्तर. सत्तराव्या वर्षी तिनं नुकतं लिहायला घेतलं होतं, तेव्हा थट्टेनं म्हणालो, “रोजचे पाचशे, म्हणजे अजून पंचावन्न वर्षं. सव्वाशेची होशील गं!”

“अहो, शेवट कधी होईल असं मी विचारलं होतं का तुम्हाला?” एवढंच बोलून तिनं पेनाला टोपण लावलं. ते पुन्हा निघालं नाही.

आईचे डोळे अधू झाले म्हणून लिहिणं सुटलं, असं मुलांना मी सांगत आलो. ते खोटं आहे. कोटीला अंत आहे आणि माणसाचा त्याआधीच येतो, हे मी तिला सिद्ध करून दाखवलं. लिहिताना मात्र तिच्यापुढे एकच चौकट असायची, आणि त्या चौकटीला अंत नव्हता.

शेवटचं लिहिलेलं पान उलटलं, पुढचं कोरं होतं. तिरप्या उन्हात त्यावर तिच्या अक्षरांचे दाब दिसले, शाईवाचून. त्यापुढच्या पानावरही होते, जरा फिके. आता पुढच्या पानांवर डोळ्यांना काही दिसत नाही. बोटांना अजून लागतंय, आणि मी पानं उलटतोच आहे.