नदीपलीकडची चकती

वयाच्या शहात्तराव्या वर्षी कागेयामा तेइझो यांनी नदी ओलांडली. नदी म्हणजे फुजि नदी. पूल पायी पार करायला फार तर दहा मिनिटं लागतात. तरी तिकडच्या माणसांच्या लेखी ते देशांतरच. नदीच्या पश्चिमेला वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते आणि पूर्वेला पन्नास. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दोन शहाण्यांनी दोन वेगळ्या देशांतून यंत्रं मागवली आणि पुढे दोघांपैकी कुणीच माघार घेतली नाही, एवढंच त्याचं कारण. पूर्वी मुलगी नदीपलीकडे द्यायची झाली तर आया बजावून सांगत, "सासू कशीही असो, भिंतीवरचं विजेचं घड्याळ मात्र नेऊ नकोस. तिकडे मागे पडतं."

कागेयामांचं दुकान पश्चिम काठावर होतं. घड्याळं, पंखे आणि उस्तादाकडून वारशात आलेलं चावीच्या ग्रामोफोनचं काम. पन्नास वर्षं त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच विचारला: "नदीच्या कुठल्या अंगाचं?" मग बायको गेली, गुडघे गेले आणि दुकान रस्तारुंदीत गेलं. सेंदाईला असलेल्या मुलीने त्यांना पूर्वेला, इस्पितळाजवळच्या सरकारी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर एक खोली पाहून दिली. दोन वर्षांत त्यांची घंटा तिघांनी वाजवली. एक गॅसवाला, एक शिरगणतीवाला आणि एकाला शेजारचं दार हवं होतं.

एकदा रहिवाशांच्या सभेत त्यांनी भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ सवयीने खाली उतरवून चालू केलं. त्यावर संस्थेने त्यांना चिठ्ठी धाडली की, सामायिक मालमत्तेला परस्पर हात लावू नये. पण तो प्रकार तळमजल्यावरच्या उन्नो इसोए यांनी पाहिला होता. वय ब्याऐंशी, एकट्या. दुसऱ्या दिवशी एक चामडी पेटी दोन्ही हातांनी धरून त्या दोन जिने चढून आल्या.

"चिठ्ठी आली म्हणे तुम्हाला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मग आता हेही बिनपरवानगी उघडा."

पेटीत प्रवासी ग्रामोफोन होता, आणि झाकणाच्या खणात एकच तबकडी.

"आमच्या ह्यांनी लग्नाच्या आधी जत्रेत आवाज भरून घेतला होता. हे गेले त्याच वर्षी चावीची कमान तुटली. मग कुणाला दाखवणार?"

त्यांचे यजमान रोकुरो कागदाच्या गिरणीत होते. सत्ताविसाव्या वर्षी गिरणीतच गेले. तेव्हापासून पंचावन्न वर्षं ती तबकडी मुकी होती.

कागेयामांना दोन महिने लागले. डब्यातली कमान तीन ठिकाणी तुटलेली, वंगणाचं डांबर झालेलं. सुईची थरथर आवाजात बदलणाऱ्या साउंडबॉक्सची रबरी कडी बोट लावताच बिस्किटासारखी चुरली. वेग आवरणाऱ्या तीन गोळ्यांपैकी एकाची पट्टी मोडली होती. ती त्यांनी जुन्या घड्याळातून कापून घेतली. शेवटी उस्तादाने दिलेली रेघांची चकती फिरत्या थाळीवर ठेवली. विजेच्या हेलकाव्यांबरोबर लुकलुकणाऱ्या ट्यूबच्या उजेडात रेघा जागच्या जागी थिजलेल्या दिसल्या की वेग बरोबर. स्वयंपाकघरातल्या गोल ट्यूबखाली त्यांनी कळ हळूहळू सरकवली आणि रेघा थिजल्या. कागेयामांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

तबकडी मऊ लाखेची होती. पोलादी सुईने ती चार वेळांत सोलून निघाली असती, म्हणून त्यांनी बांबूची सुई तासली. उन्नोबाई गुडघे मुडपून, हात मांडीवर ठेवून बसल्या. खरखर झाली, आणि त्यातून एक जड, सावकाश आवाज आला. त्याने नाव सांगितलं, पत्ता सांगितला. मग पुढे काहीच सुचेना तेव्हा गिरणीतले सकाळचे नियम म्हणायला सुरुवात केली. यंत्र चालू असताना बाही दुमडलेली असावी. यंत्रापाशी धावू नये. शेवटी तो कुणाला तरी म्हणाला, "झालं? अजून चालूच आहे?"

"इतका जड होता आवाज?" उन्नोबाई म्हणाल्या.

"तबकडी जुनी आहे."

"नाही, छान आहे. सत्तरीचे वाटतात." त्यांनी पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं. "ह्यांचं म्हातारपण काही माझ्या वाट्याला आलं नव्हतं."

बांबूची असली तरी सुईने आवाज झिजतोच, म्हणून आठवड्यातून एकदाच लावायची असं ठरलं. गुरुवारी, दुपारी दोनला. यंत्र मात्र आपल्याकडेच राहू द्या, कमान अजून बसायची आहे, असं कागेयामांनी सांगितलं. कमान तिसऱ्या दिवशीच बसली होती.

उन्नोबाई कधी संत्री आणत, कधी सुकट घातलेली भजी. तबकडी वाजताना त्या मध्येच यजमानांना टोकत. "नियम आम्हाला सांगता. स्वतःची बाही कुठे दुमडलीत?" मग कागेयामांकडे वळून म्हणत, "पहिल्यापासून असेच. ऐकायचं कुणाचं नाही." असे एकवीस गुरुवार गेले. बुधवारी कागेयामा दाढी करू लागले. चहाचा दुसरा पेला त्यांनी कपाटात परत ठेवणं सोडून दिलं.

बाविसाव्या आठवड्यात, मंगळवारी, इमारतीचा रखवालदार शिडी घेऊन आला.

"आजोबा, ट्यूबा बंद झाल्या. आता सगळीकडे नवे दिवे. वर बघू नका, डोळे दिपतील."

"जुनी चालू होती."

"चालू तर तुम्हीही आहात. म्हणून काय बदलायचं नाही?"

तो गेल्यावर कागेयामांनी सहज थाळी फिरवून चकती पाहिली. न लुकलुकणाऱ्या नव्या दिव्यात रेघा थिजेनात. नुसता राखाडी धुरळा. मग त्यांनी जुनी रीत काढली. थाळीखाली कागदाची चिंधी अडकवली, घड्याळ समोर ठेवलं आणि एका मिनिटाचे फेरे मोजले. अठ्ठ्याहत्तर भरायला हवे होते. भरले पासष्ट. पुन्हा मोजले. पासष्टच.

उस्तादाची चकती पश्चिमेची होती. साठ हेलकाव्यांच्या विजेसाठी आखलेली. ती त्यांनी पूर्वेच्या पन्नासाखाली धरली होती. गिऱ्हाइकांना पन्नास वर्षं विचारलेला प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नव्हता. रोकुरो सत्तरीचा वाटत होता, कारण तो नदी ओलांडून आला होता.

बुधवारी त्यांनी दाढी केली, पण नंतर बराच वेळ वस्तरा हातातच राहिला. सांगितलं नाही तर कळणार कुणाला? बाईंना त्या आवाजाची संगत झाली होती, आणि त्यांना बाईंची. पण चुकीच्या वेगाचं यंत्र 'झालं' म्हणून हातात ठेवायचं हे उस्तादाच्या घराण्यात बसणारं नव्हतं, आणि त्या घराण्याचे आता ते एकटेच उरले होते.

गुरुवारी त्यांनी चटईला कपाळ टेकून माफी मागितली. उन्नोबाईंनी पुन्हा पुन्हा विचारून सगळं समजून घेतलं.

"म्हणजे घड्याळ मागे पडतं, तसे हे मागे पडले?"

"तसंच."

"मग लावा की बरोबर."

लावलं. आवाज उंच, कोवळा, घाईचा. नियम म्हणताना आता त्याला हसू आवरत नव्हतं हेही ऐकू आलं. जड आवाजात ते आत्तापर्यंत गाळात बसलं होतं. पूर्वी तीन मिनिटं चालणारी तबकडी अडीचमध्ये संपली. उन्नोबाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.

"हाच तो," त्या म्हणाल्या. "विसरलेच होते मी. किती लहान होता!"

इतके गुरुवार त्यांनी यजमानांना 'हे' म्हटलं होतं. 'तो' आज पहिल्यांदा. मग कमान बसली आहे का, असं त्यांनी विचारलं. कागेयामांनी बसली म्हणून सांगितलं. दुसरं खोटं त्यांना त्या दिवशी जमलं नसतं. त्यांनी पेटी खाली नेऊन दिली. दारात उन्नोबाईंनी तीनदा वाकून आभार मानले आणि दार लावून घेतलं.

पुढच्या गुरुवारी दोन वाजले, मग अडीच. चहा कागेयामांनी एकट्यानेच घेतला. त्याच्याही पुढच्या गुरुवारी त्यांनी तो केलाच नाही.

सोमवारी सकाळी कचरा ठेवायच्या जागी दोघांची गाठ पडली.

"वाजतंय ना?"

"यंत्राला काही नाही झालेलं. मीच लावत नाही." उन्नोबाईंनी पिशवीची गाठ आवळली. "म्हाताऱ्याशी बोलता येत होतं हो. या पोराशी काय बोलू? मी आजी शोभते त्याची."

"उजवीकडे कळ आहे. जरा मागे ओढली की पूर्वीसारखं होईल."

"ओढून पाहिली. आला आवाज, अगदी तसाच. पण आता मला माहीत आहे ना. एक पोरगा म्हाताऱ्याची नक्कल करतोय, एवढंच ऐकू येतं."

कागेयामांनी आपली पिशवी त्यांच्या पिशवीशेजारी ठेवली.

"तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी," उन्नोबाई म्हणाल्या.

"पहिल्या वेळी की दुसऱ्या?"

उन्नोबाईंनी प्रश्न मनावर घेतला, खरोखरच विचार केला, आणि कावळ्यांनी कचरा उकरू नये म्हणून ठेवलेली जाळी दोघांच्याही पिशव्यांवर नीट ओढली. मग वाकून नमस्कार केला आणि त्या आत गेल्या.