तिथी नसलेली मैत्रीण

केंब्रिजला आमच्या शेजारी नव्वदी ओलांडलेल्या एक इंग्रज आजी राहत. तरुणपणी त्या महायुद्धात हेर होत्या. युद्ध संपलं आणि छळछावण्यांतले पहारेकरी नावं बदलून कुठे शेतावर, कुठे गॅरेजात लपून बसले. त्यांना हुडकून कोर्टासमोर उभं करायचं काम आजींनी केलं. हे सगळं त्या चहात बिस्किट बुडवत सांगायच्या, जसं काही हरवलेल्या मांजराबद्दलच बोलताहेत.

त्यांच्याबरोबर हेरगिरी शिकलेली एक मैत्रीण मात्र पकडली गेली, ती परत आली नाही. तिच्या छावणीतला पहारेकरी आजींनी शोधला, त्याला फाशीही झाली. पण ती नेमकी कुठल्या दिवशी गेली, हे काही त्याला सांगता आलं नाही. "त्याला आठवतच नव्हतं," आजी म्हणायच्या, आणि तेवढ्यात बिस्किट चहात विरघळून जायचं. "तिच्यासाठी मेणबत्ती लावायची तर कधी लावू?"

मी पटकन बोलून गेले, "आमच्यात अशा माणसांसाठी एक दिवस असतो."

माझी आई नागपूरला वारली तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकला होता. तिचं तोंड मी शेवटचं पाहिलं ते फोनवर. तिची तिथी मला ठाऊक आहे, पण ऑफिसला तिथी कळत नाही, म्हणून मी सर्वपित्री अमावास्येच्या आसपासचा रविवार धरते आणि तिच्या आवडीचं रांधते. दर वेळी खीर ढवळताना मला आई इतकी हवीशी होते की हात थांबतो.

यंदा त्या रविवारी आजींच्या मैत्रिणीचंही पान मांडायचं ठरवलं, तर नवरा म्हणाला, "इंग्रज बाईचं श्राद्ध? अगं, कावळ्याला तरी चालेल का?"

"इथला कावळाही ब्रिटिश सिटिझनच आहे," मी म्हटलं आणि वडे तळायला घेतले.

आजी चांगला कोट घालून आल्या. ताट मांडताना मी विचारलं, "तुमच्या मैत्रिणीला काय आवडायचं? एक तरी पदार्थ आवडीचा हवा. सांगा, आत्ता करते."



"मला माहीत नाही," आजी म्हणाल्या. "एकमेकींना काही विचारायचं नाही, असा नियम होता. घर, आई, आवडनिवड, काहीच नाही. तिचं खरं नावसुद्धा मला नंतर कळलं."

त्या पहारेकऱ्याची मात्र त्यांना खडान्‌खडा माहिती होती. तो कॉफीत साखर किती घालतो, कुठल्या बहिणीकडे जातो, चालताना कुठला खांदा पाडतो. शोधायचं तर हे कळावंच लागतं. मला त्या मेल्याचा असा राग आला की डाव हातातच राहिला.

आजींनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"सगळंच वाढ," त्या म्हणाल्या. "भरपूर वाढ. शेवटी शेवटी छावणीत त्यांनी तिचं खाणं बंद केलं होतं. तेवढं त्याला आठवत होतं."