काकांचा शेवटचा बल्ब

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, मीटर रीडर होते. दिवसभर लोकांच्या मीटरमधलं चाक बघायचं आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्याच मीटरसमोर उभं राहायचं. चाक जोरात फिरताना दिसलं की चपला न काढताच ते खोल्या तपासत सुटायचे. रिकाम्या खोलीत दिवा सापडला की आमची खैर नसे. अशा माणसाच्या हाती सीएफएलचे बल्ब पडले आणि त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. घरातले सगळे पिवळे दिवे उतरले, पांढरे पिळदार बल्ब चढले.

ते बल्ब बटण दाबल्यावर आधी मलूल दिसत आणि मग सावकाश शुद्धीवर येत. बाथरूममध्ये तर माणूस हात धुऊन बाहेर यायचा, तेव्हा कुठे आत उजेड पडायचा. आम्ही कुरकुरलो की काका शांतपणे सांगत, थांबा जरा, येतोय तो. जसा काही पाहुणाच जिना चढत होता.

मावशी घरी रफूचं काम करायची. तिचा हात असा, की कापड कुठे फाटलं होतं ते शोधत बसावं लागे. नव्या बल्बखाली तिने एका तपकिरी कोटाला रफू केलं. त्या उजेडात दोऱ्याचा रंग बेमालूम जुळला होता. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाने कोट उन्हात धरला, तर कोपरावर हिरवट डाग. आयुष्यात पहिल्यांदा तिचं काम परत आलं. त्यानंतर ती सुईला हात लावेना.

काकांनी बल्बची बाजू घेतली नाही. पेपर वाचायची आपली खुर्ची त्यांनी खिडकीजवळून उचलून पॅसेजमध्ये नेली आणि त्या जागी मावशीचं टेबल लावलं. दोरा दिवसाउजेडी निवडायचा, बल्बखाली फक्त टाके घालायचे, असं ठरलं. पॅसेजमध्ये खिडकी नव्हती. तिथल्या बल्बखाली पेपर डोळ्यांशी धरून बसलेले काका मला अजून दिसतात आणि गलबलून येतं.

बल्ब फुटला की मात्र घरात आणीबाणी लागे. आत किंचित पारा असतो म्हणून पंखा बंद, खिडक्या सताड उघड्या आणि आम्ही सगळे बाहेर जिन्यावर. केरसुणीला हात लावायचा नाही, चुरा पसरतो. काका पुठ्ठ्याने काचा गोळा करत, बारीक कण चिकटपट्टीने टिपत, ओल्या कागदाने फरशी पुसत आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करत. मग हवा खेळेपर्यंत तेही जिन्यावर बसत. एरवी चार शब्द न बोलणारा माणूस तिथे लोकांच्या घरच्या कुत्र्यांच्या एकेक गोष्टी सांगायचा. खरं सांगायचं तर बल्ब फुटला की आम्हा भावंडांना आनंदच व्हायचा. शेवटी काका आधी एकटे आत जात आणि आतून हाक मारत, "या आता." त्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नसे.

काका गेले. घरात एलईडी आले. फक्त पॅसेजमधला, त्यांच्या खुर्चीवरचा बल्ब त्यांच्या हातचा राहिला. बुडाशी काळा पडला, फडफडू लागला, तरी मावशी तो काढू देईना. चालतोय ना, मग चालू दे, एवढंच म्हणायची. गेल्या महिन्यात त्या अंधुक उजेडात ती खुर्चीला अडखळून पडली आणि दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, स्टूल आणलं.

"काचेला धरू नकोस," मावशी खालून म्हणाली. "पांढऱ्या बुडाला धर."

तोवर त्याने काच धरून पिळली होती. बल्ब फुटला.

दादाचा चेहरा उतरला. मावशीने त्याच्याकडे पाहिलं आणि पंखा बंद केला. मी खिडक्या उघडल्या. दादाने पुठ्ठा घेतला, चिकटपट्टी घेतली, सगळं बरणीत भरलं आणि आमच्याशेजारी जिन्यावर येऊन बसला. कुत्र्यांच्या गोष्टी कोणाला आठवल्या नाहीत. हवा केव्हाच खेळून गेली असणार, तरी कोणी उठेना. आपण कशासाठी थांबलोय हे मला तेव्हा कळलं.

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि एकटीच आत गेली. मग अंधाऱ्या पॅसेजमधून तिचा आवाज आला.

"या आता."