मधल्या वर्तुळातला सोफा

दोन वाजायला दहा मिनिटं होती आणि आमच्या बास्केटबॉल कोर्टाच्या मधल्या वर्तुळात सोफा ठेवलेला होता. लाल मखमलीचा, तिघं बसतील एवढा, मंडपवाल्याकडून आलेला. सोफ्यापुढे टीपॉय, टीपॉयवर फुलदाणी आणि शेंडीचा नारळ. सोफ्याच्या एका बाजूला अमरावतीच्या, म्हणजे माझ्या मुली वॉर्म-अप करत होत्या, दुसऱ्या बाजूला अकोल्याच्या.

माझी कॅप्टन प्रणाली चेंडू टपटपवत सोफ्याला वळसा घालून आली.

"मॅडम, हा कोन्या टीमकडून खेळून राहिला?"

मी हसले नाही. हसण्यासारखी परिस्थिती नव्हती.

इरा आणि कबीर, माझ्या नातवंडांनो, तुमच्या तिकडे परदेशात होम गेम, म्हणजे आपल्याच मैदानावर सामना, असला की आई-बाबा खुर्च्या घेऊन येतात आणि पाटीवर लिहिलेल्या मिनिटाला शिट्टी वाजते. मी अमरावतीच्या मुलींच्या कॉलेजात एकतीस वर्षं फिजिकल डायरेक्टर होते. आमच्याकडे होम गेम म्हणजे सकाळी चुन्याच्या लाइनी पुन्हा मारायच्या, जाळी शिवायची, पाण्याचे कॅन भरायचे आणि मग पाहुण्यांची वाट पाहायची. यातलं शेवटचं काम सर्वांत लांब चालायचं.

हा सामना स्पर्धेतला नव्हता. सीझन सुरू होताना दोन कॉलेजं आपसात खेळतात, तसा होता. पण आमच्यासाठी तो फार मोलाचा होता. विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नॉकआउट असते, म्हणजे एक सामना हरलात की घरी. आदल्या वर्षी आमच्या मुली एकही पूर्ण सामना न खेळता तिथे गेल्या आणि पहिल्याच फेरीत परत आल्या. आमच्याशी खेळायला येणारा संघ एकच होता, अकोल्याचा. त्यांच्या कोच शबाना मॅडम माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण बोलायला अजिबात लहान नाहीत.

आदल्या वर्षी त्या आल्या होत्या. तेव्हाही उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. दोनची वेळ दिली होती. भाऊसाहेब चारच्या सुमारास आले, मग नारळ, मग भाषणं. मुलींना जेमतेम दहा मिनिटं खेळायला मिळालं आणि साडेचारला अकोल्याची गाडी निघाली. ती निघावीच लागते. अकोल्याच्या मुलींच्या घरून सहीचे कागद घेतलेले असतात आणि त्यावर लिहिलेलं असतं, संध्याकाळी सातच्या आत घरी.

यंदा गाडीतून उतरल्या उतरल्या शबाना मॅडम मला म्हणाल्या, "ताई, गेल्या साली आम्ही शंभर किलोमीटर नारळ बघायला आलो होतो. यंदा तसं झालं, तर पुढच्या साली येणार नाही. माझ्या पोरींच्या अम्मी-अब्बूंना मी काय सांगू?"

"दोनला सुरू होईल," मी म्हणाले.

"पक्कं?"

"पत्रिकेत छापलंय."

शबाना मॅडम हसल्या. आमच्याकडची पद्धत त्यांनाही ठाऊक होती. पत्रिकेत एक तास आधीची वेळ छापायची. कारण लोक तासभर उशिरा येतात. लोकही तासभर उशिरा येतात, कारण पत्रिकेत तास आधीची वेळ छापतात, हे त्यांना माहीत असतं. या हिशेबात कुणाचं काही चुकत नाही. फक्त छापलेली वेळ खरी समजून जो येतो, तो उन्हात उभा राहतो.

मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. ते नव्या जॅकेटची बटणं लावत होते.

"सर, दोन वाजले. सोफा काढायला सांगा."

"अहो मॅडम, भाऊसाहेब राजापेठेपर्यंत आलेत. पाचच मिनिटं."

"गेल्या वर्षीही ते दीड तास राजापेठेतच होते."

"त्यांच्या हस्ते जंप बॉल आहे. बॅनरवर छापलंय."

जंप बॉल म्हणजे खेळाची सुरुवात. मधल्या वर्तुळात दोन खेळाडू समोरासमोर उभ्या राहतात, रेफरी चेंडू वर फेकतो, दोघी उडी मारतात. तो फेकणं हे रेफरीचं काम. अध्यक्षांचं नव्हे.

"सर, साडेचारला अकोल्याची गाडी जाते. सामना आत्ता सुरू झाला नाही तर होणारच नाही."

"मग नाही होणार! फ्रेंडली तर आहे. फोटो झाले की झालं." मग त्यांनी आवाज उतरवला. "चार महिने राहिलेत तुमचे रिटायरमेंटला. तुमचे कागद माझ्याच सहीने पुढे जायचेत. कशाला उगाच?"

खरं सांगते, तिथपर्यंत मी पाच मिनिटं थांबायला तयार होते. पण 'उगाच' हा शब्द मला लागला. पहाटे साडेपाचला रोज कोर्टावर येणाऱ्या बारा मुली उगाच येत नव्हत्या. मी केबिनमधून बाहेर आले आणि तडक कोर्टावर गेले.

रेफरी इंगळे सर टेबलापाशी शिट्टी पुसत होते. मितभाषी माणूस.

"सर, सामना किती वाजता आहे?"

त्यांनी पत्रिका पाहिली. "दोन."

"आत्ता किती वाजले?"

"दोन वाजून चार मिनिटं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सोफ्याकडे. "मॅडम, कोर्ट मोकळं करून द्या. मी सुरू करतो."

मी प्रणालीला हाक मारली. तिला सगळं सांगावं लागलं नाही.

"ए पोट्ट्याहो, या वं इकडं! पाहुन्याले बाहीर न्यायचं हाय!"

तो सोफा दिसायचा त्यापेक्षा जड निघाला. चौघींनी उचलून पाहिला, हलेना. तेव्हा अकोल्याच्या दोघी न बोलावता आल्या आणि त्यांनी मागची बाजू धरली. सहा जणींनी मिळून तो साइडलाइनच्या बाहेर, कडुनिंबाच्या सावलीत नेऊन ठेवला. टीपॉय मी नेला. नारळ शबाना मॅडमनी नेला.

दोन वाजून सात मिनिटांनी इंगळे सरांनी चेंडू वर फेकला.

आम्ही वाईट खेळलो, हेही सांगायला हवं. बास्केटबॉलमध्ये दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात, त्यांना क्वार्टर म्हणतात. पहिल्या क्वार्टरमध्ये अकोला चौदा, आम्ही सहा. आमच्या मुली घाबरून लांबूनच चेंडू फेकत होत्या. हाफ टाइमला अकोला चोवीस, आम्ही सतरा. प्रणालीला तीन फाउल झाले होते. पाच झाले की खेळाडू बाहेर.

"थे सात नंबरची लय ढकलून राहिली, मॅडम."

"मग तू तिच्या आधी जागेवर पोच. त्यानंतर तिने ढकललं तर फाउल तिचा."

तिसरा क्वार्टर संपत आला होता, तेव्हा फाटकातून पांढरी गाडी आत आली. तीन वाजून पाच मिनिटं. अकोला तेहतीस, आम्ही चोवीस. प्राचार्य धावत सामोरे गेले आणि भाऊसाहेबांना घेऊन साइडलाइनपाशी आले. समोर दहा मुली पळत होत्या, शिट्ट्या वाजत होत्या, आणि प्राचार्य हात जोडून म्हणाले, "या भाऊसाहेब. आपल्याच हस्ते सुरू करायचंय."

भाऊसाहेबांनी कोर्टाकडे पाहिलं. "हे काय चालू हाय मंग?"

"हा... सराव आहे."

तेवढ्यात क्वार्टर संपला. प्राचार्य माझ्याकडे आले. घाम फुटला होता त्यांना.

"मॅडम, आता झिरोपासून घ्या. नारळ फोडू, भाऊसाहेब जंप बॉल करतील, फ्रेश सुरुवात. तुमच्याच फायद्याचं आहे, तुम्ही नऊने मागे आहात!"

मी काही बोलायच्या आत प्रणाली मध्ये आली. टॉवेल मानेवर, श्वास लागलेला.

"नाई सर. झिरोपासून नाई."

"अगं, हरताय तुम्ही!"

"हारून राहिलो तं हारू द्या ना. पन हे चोवीस आमचे हायेत. एक-एक घाम गाळून केले. थे कोनाले पुसू देनार नाई आमी."

मागून शीतल म्हणाली, "आन् त्याहिचे तेहतीस बी त्याहिचेच हायेत." शीतल आमच्यातली सर्वांत उंच मुलगी, शेंदूरजनाघाटची. एरवी आठवड्यातून एकदा बोलायची.

प्राचार्य माझ्याकडे वळले. "मॅडम, टीमला बाहेर घ्या. ही माझी ऑर्डर आहे."

"नाही घेणार," मी म्हणाले. एकतीस वर्षांत हे दोन शब्द मी त्यांच्या खुर्चीला पहिल्यांदाच म्हणत होते. सोपे होते. आधीच म्हणायला हवे होते.

इंगळे सरांनी घड्याळ पाहिलं. "सर, सामना सुरू झाला की परत सुरू होत नसतो. तुमची टीम खेळली नाही तर मी तो अकोल्याला देईन. वीस-शून्य. तसं शीटवर लिहीन. साठ सेकंद राहिलेत."

इतका वेळ भाऊसाहेब सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता स्फोट होणार. ते प्राचार्यांना म्हणाले, "मले तं तुमीच फोन केला ना, पत्रिकेत दोन हाय, तुमी तीनले या म्हून? आन् आता या पोरींवर काहून चिडून राहिले?"

कोर्टाभोवती अडीचशे मुली उभ्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं.

"नारळ?" प्राचार्य कसेबसे म्हणाले.

"कोर्टाच्या बाहेर फोडा," मी म्हणाले. "पाणी सांडलं तर मुली घसरतील."

कडुनिंबाखाली भाऊसाहेबांनी दोनदा नारळ आपटला, फुटला नाही. तिसऱ्यांदा हात उचलला आणि इंगळे सरांची शिट्टी झाली. चौथा क्वार्टर सुरू. भाऊसाहेब नारळ हातात धरूनच सोफ्यावर बसले आणि शेवटपर्यंत बसून राहिले. भाषण झालं नाही.

तो क्वार्टर मात्र आमच्या मुली खेळल्या. लांबून फेकणं बंद झालं. शीतल आत घुसली, प्रणालीने सात नंबरच्या आधी जागा धरली. चाळीस सेकंद राहिले तेव्हा अकोला सेहेचाळीस, आम्ही त्रेचाळीस. प्रणालीने तीन गुणांच्या रेषेबाहेरून चेंडू मारला. तो रिंगवर दोनदा आदळला आणि बाहेर पडला.

आम्ही तीन गुणांनी हरलो. अकोल्याच्या मुलींनी आलूबोंडे खाल्ले, शेंदूरजन्याच्या संत्र्यांची पिशवी घेतली आणि चार वीसला गाडीत बसल्या. शबाना मॅडम खिडकीतून म्हणाल्या, "ताई, पुढच्या साली पत्रिका छापू नका. फोन करा. तुम्ही सांगाल त्या वेळेला येतो."

सोमवारी मला मेमो आला. मेमो म्हणजे वरिष्ठांनी लेखी जाब विचारणं. 'प्रमुख पाहुण्यांच्या आगमनापूर्वी सामना कोणाच्या परवानगीने सुरू केला, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.' मी त्याच दिवशी केला. एका ओळीत: 'पत्रिकेत छापलेल्या वेळेस सामना सुरू करण्याची व्यवस्था केली, पत्रिका सोबत जोडली आहे.' पत्रिकेच्या तळाशी 'आपले विनीत' म्हणून प्राचार्यांचं नाव आणि सही होती. तिच्याखाली मी लाल पेनने रेघ मारली.

त्यावर पुढे काही आलं नाही. माझे कागद दोन महिने त्यांच्या टेबलावर पडून राहिले आणि मग सही होऊन गेले. विद्यापीठाच्या स्पर्धेत मुली पहिली फेरी जिंकल्या, दुसरी जिंकल्या, तिसरीत हरल्या. शून्यापासून सुरू करायला कुणीच सांगितलं नाही.

या सगळ्यातून मी एवढंच शिकले. वेळ कागदावर छापलेली असेल आणि खाली साहेबांचीच सही असेल, तर ती पाळायला फारसं धैर्य लागत नाही. सोफा हलवायला मात्र सहा जणी लागतात, आणि त्यातल्या दोघी समोरच्या टीमच्या असल्या तर बरं.