माझा प्रबंध आणि वाळवणाची जागा

दापोलीच्या एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागली तेव्हा आईने आधी आत चढून खिडकीची जागा धरली आणि मला बसवून ती खाली उतरली. सोबत शेजारची यमुनाकाकी होती. दोघी सकाळची मासळी वाळत घालून तशाच आल्या होत्या. मुंबईहून मी पुढे दिल्लीला जाणार होते, कायद्यात पीएचडी करायला. कायद्यातल्या डॉक्टरला सुई टोचता येत नाही, हे मी काकीला गाडी सुटेपर्यंत समजावत होते. "मग काय उपयोग गो तुझा?" ती हसत म्हणाली. आई हसली नाही. "शिकून ये. आमचं कोण ऐकत नाय, तुझं ऐकतील."

बुरोंडीच्या बाजूला आमची मच्छीमारांची वाडी. तिथून पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. रत्नागिरीला एलएलबी, पुण्याला एलएलएम, आणि दर वेळी निघताना कुणा ना कुणा बाईने बॅगेत कोंबलेले सुक्या कोळंबीचे सोडे. दिल्लीत पहिलं वर्षभर सेमिनारमध्ये माझं तोंड उघडलं नाही. बाकीचे सगळे इंग्रजीत वाढलेले. त्यांच्याकडे नव्हती अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती, आमची वाडी. म्हणून प्रबंधाचा विषय घेतला किनाऱ्यावरची वहिवाट: कागद नसताना पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून मिळणारा हक्क.

सुट्टीत येऊन मी बायांच्या मुलाखती घेतल्या; त्यांना त्या नुसत्या गप्पाच वाटल्या. पाऊस सरला की त्या किनाऱ्यावर, मासळीच्या वाळवणाच्या जागेवर, नारळ फोडतात आणि दर्याला म्हणतात, "यंदाच्या साली जागा दे." मला ते फार सुंदर वाटलं. मी लिहिलं, या बाया जमिनीवर हक्क सांगत नाहीत, दर वर्षी ती नव्याने मागून घेतात. गाइडनी समासात शाबासकी लिहिली. ते प्रकरण लेख म्हणून इंग्रजी जर्नलमध्ये छापून आलं. त्या दिवशी मी मेसमध्ये दोनदा खीर घेतली.

दोन वर्षांनी एका रिसॉर्टवाल्याने ती जागा सरकारकडे भाडेपट्ट्याने मागितली. बायांनी वहिवाटीचा दावा केला. सुनावणीत समोरच्या वकिलाने माझा लेख वाचून दाखवला. त्याचं म्हणणं, जो दर वर्षी परवानगी मागतो, त्याचा हक्क कसला? वहिवाट हक्काने चालवलेली असावी लागते, परवानगीने नव्हे, हे मी एलएलबीलाच शिकले होते. दर्याकडे मागणं म्हणजे मालकाकडे मागणं नव्हे, एवढं एक वाक्य लिहायला हवं होतं. ते सुचलंच नाही. आमच्यात ते कुणाला सांगावं लागत नाही.

जागा गेली. वकिलाने माझं नाव घेतलं नव्हतं, लेखाची प्रतही दिली नव्हती, नुसतं "दिल्लीचं संशोधन" म्हटलं होतं. आईचा फोन आला. "कोण मेला होता कोण जाणे. आमच्या ताटात जेवलान नि आमच्यावरच लिवलान. तू असतीस तर त्या वकिलाचं तोंड बंद केलं असतंस." मी "हो" म्हणाले.

आता आई घराच्या स्लॅबवर मावेल तेवढी मासळी सुकवते. यमुनाकाकीचं घर कौलारू, तिला तेही नाही. ती त्याच रिसॉर्टच्या चादरी धुते. मला पीएचडी मिळाली तेव्हा बायांनी नाक्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लावला आणि त्याचा फोटो पाठवला. मी तो फोटो एकदाच उघडला.

माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना एवढंच सांगते. घराबद्दल लिहिताना आपण बाहेरच्याला आवडेल असं लिहितो, आणि वाचणारा बाहेरचाच असतो.

अपील दाखल आहे. लेख लिहिणाऱ्याने प्रतिज्ञापत्र दिलं तर थोडी आशा आहे, असं बायांच्या वकिलांनी त्यांना सांगितलंय. म्हणून त्या त्याला शोधतायत. आईने मलाच सांगितलं, "तिकडं बघ गो सापडला तर." दोन महिने मी "बघते" म्हणतेय.

काल ते प्रतिज्ञापत्र टाइप केलं आणि सही केली. सुरुवातीलाच माझं पूर्ण नाव आहे आणि खाली कायमचा पत्ता. दिल्लीत मी चार खोल्या बदलल्या, पण त्या रकान्यात वाडीशिवाय दुसरं काही लिहिता आलं नाही.

आई, शुक्रवारी येतेय. आल्या आल्या पाणी आणू नकोस. आधी काकीला आणि सगळ्या बायांना पडवीत बोलव. मी ते प्रतिज्ञापत्र तुम्हाला मराठीत वाचून दाखवीन. मग त्या पत्त्यावर मी राहायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.